नेमसर्व्हरच्या यादीत ‘राखीव’ असा कुणी नसतो

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीची वेबसाइट आणि ईमेल सांभाळणाऱ्या एका वाचकानं कंपनीच्या डॉट कॉम डोमेनला चार नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नावाचा आयपी पत्ता सांगणारे सर्व्हर, लावलेत. दोन होस्टिंगवाल्याचे, मुंबईत. तिसरा जर्मनीत, व्हीपीएसवर, म्हणजे भाड्याच्या आभासी सर्व्हरवर. चौथा कारखान्याच्या ऑफिसात, स्थिर आयपीच्या ब्रॉडबँड लाइनवर. झोनची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या फाइलची, मूळ प्रत तिथंच आहे आणि बाकीचे तिघं तिथून ती उचलतात. चौथा मुद्दाम शेवटी लिहिला, म्हणजे पहिले तिघं पडले तरच त्याच्याकडं कुणी येईल, असा हिशेब. पण त्याच्या लॉगमध्ये रोज बाहेरून प्रश्न येताना दिसतात. ऑफिसची लाइट गेली किंवा खोदकामात केबल तुटली की पुण्याचं, चेन्नईचं गिऱ्हाईक फोन करतं की साइट उघडायला वेळ लागतोय. साइट तर मुंबईत धडधडीत चालू असते. मग रिझॉल्व्हर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या वतीनं हा पत्ता शोधणारा सर्व्हर, नेमका निवडतो कसा, आणि चौथ्याला खरोखर राखीव ठेवायचं तर काय करायचं?

सरळ उत्तर आधी देतो. तुम्ही कोणत्या क्रमानं लिहिलंय याच्याशी रिझॉल्व्हरला काही देणंघेणं नाही. यादीत जेवढे पत्ते आहेत तेवढे सगळे त्याच्या लेखी सारखेच अधिकृत आहेत, आणि तो आज ना उद्या प्रत्येकाला विचारणारच. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधायच्या या व्यवस्थेत, एनएस रेकॉर्डला, म्हणजे नेमसर्व्हर कोण ते सांगणाऱ्या नोंदीला, प्राधान्यक्रम लिहायची सोयच नाही. ईमेल कुठं पोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स रेकॉर्डला असतो तसा १०, २० असा आकडा इथं नसतो. त्यामुळं चौथ्याला राखीव ठेवायचा एकच मार्ग आहे: त्याला यादीतून काढायचं. ते कसं, ते शेवटी सांगतो. पण हे असं का आहे ते समजून घ्या, नाहीतर उद्या दुसऱ्या एखाद्या पॅनेलवर हाच घोळ परत होईल.

क्रमाचा समज येतो कुठून? बहुतेक वेळा आपल्याच संगणकावरून. लिनक्सच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये नेमसर्व्हर म्हणून जास्तीत जास्त तीन पत्ते चालतात, आणि तिथं क्रम खरोखर पाळला जातो. पहिल्याला विचारायचं, मुळातल्या मांडणीप्रमाणं ५ सेकंद वाट पाहायची, उत्तर आलं नाही तर दुसऱ्याकडं जायचं. ‘रोटेट’ हा पर्याय लावला तरच आळीपाळीनं विचारलं जातं. विंडोजमध्येही पसंतीचा आणि पर्यायी अशी दोन खोकी असतात. पण तिथं तुम्ही लिहिताय ते ‘माझ्या वतीनं शोध कोण घेईल’ याचं उत्तर. डोमेनच्या एनएस यादीत लिहिताय ते ‘माझ्या डोमेनबद्दल अधिकारानं कोण बोलेल’ याचं उत्तर. पहिल्या ठिकाणी निवड करतो तुमचा संगणक, दुसऱ्या ठिकाणी जगभरचे हजारो रिकर्सिव्ह रिझॉल्व्हर, प्रत्येक आपापल्या अकलेनं.

गोंधळाचं दुसरं मूळ म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी. हा भेद फक्त झोनची प्रत कुठं लिहिली जाते आणि कुठं नुसती उतरवून घेतली जाते याचा. बाहेरून विचारणाऱ्याला तो दिसत नाही आणि दिसायचं कारणही नाही. दोघंही अधिकृत उत्तराची खूण लावूनच उत्तर देतात. त्यात डोमेन विकणाऱ्यांच्या पॅनेलवर नेमसर्व्हर १, नेमसर्व्हर २ असे क्रमांक घातलेले असतात. भरायला रकाने हवेत म्हणून ते आहेत. एनएस रेकॉर्डचा संच हा संच असतो, रांग नव्हे. बरेच सर्व्हर उत्तर देताना तो क्रम मुद्दाम फिरवूनही पाठवतात.

आता निवडीकडं. डीएनएसचे मूळ दस्तऐवज, आरएफसी १०३४ आणि १०३५, पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मध्ये लिहिले. त्यात रिझॉल्व्हरनं हाताशी सर्व्हरची एक यादी ठेवावी आणि प्रत्येक पत्त्यापुढं त्याचा इतिहास लिहावा असं सुचवलंय: उत्तराला लागलेल्या वेळाची भारित सरासरी, आणि ‘बॅटिंग अ‍ॅव्हरेज’, म्हणजे विचारल्यावर तो पत्ता किती वेळा मुळात उत्तर देतो. शब्द बेसबॉलमधून आला असला तरी आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. गंमत अशी की दस्तऐवज इथंच थांबतो. सरासरी कशी काढायची, नव्या सर्व्हरला किती संधी द्यायची, पडलेल्याला परत कधी तपासायचं, हे सगळं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर सोडलंय. म्हणून ‘रिझॉल्व्हर कसा निवडतो’ याला एक उत्तर नाही. रिझॉल्व्हरची दोन प्रचलित सॉफ्टवेअर घ्या: बाइंड एक करतो, अनबाउंड दुसरंच.

बाइंड प्रत्येक पत्त्यासाठी जाण्या-येण्याच्या वेळेची गुळगुळीत केलेली सरासरी ठेवतो. नवीन उत्तर आलं की जुन्या आकड्याला जास्त वजन, नव्याला कमी, असं मिसळून आकडा पुढं सरकतो. ज्याचा आकडा सगळ्यांत लहान त्याला पुढचा प्रश्न. एवढंच असतं तर मुंबईचा सर्व्हर एकदा जिंकला की जन्मभर तोच राहिला असता. पण त्यात दोन खुबी आहेत. एक, ज्याला कधीच विचारलेलं नाही त्याला अगदी नगण्य असा यादृच्छिक आकडा दिला जातो, म्हणजे अनोळखी माणूस आपोआप रांगेत पुढं येतो आणि त्याची एकदा तरी परीक्षा होते. दोन, ज्यांना विचारलं जात नाही त्यांचे आकडे हळूहळू झिजवले जातात. जर्मनीचा १५० मिलिसेकंदांचा आकडा झिजत झिजत मुंबईच्या १५ च्या खाली गेला की एक प्रश्न जर्मनीला जातो, खरा वेळ परत नोंदला जातो, आणि गाडी पुन्हा मुंबईकडं वळते. मेलेल्या सर्व्हरचंही तेच. टाइमआउट झाला की त्याचा आकडा दंड म्हणून चढतो, पण तोही झिजतो, आणि कधीतरी कुणाचा तरी प्रश्न त्या मेलेल्या दारावर जाऊन थडकतो. कुणीतरी थडकल्याशिवाय तो परत उठलाय हे कळणार तरी कसं?

अनबाउंडची रीत वेगळी आहे, आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीनं तीच जास्त महत्त्वाची. नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्जचं हे सॉफ्टवेअर. लहान-मोठ्या इंटरनेट सेवादारांकडं आज पुष्कळ ठिकाणी हेच चालतं. अनबाउंड सगळ्यांत वेगवान सर्व्हर शोधत बसत नाही. सर्वांत चांगल्या आकड्यापासून ४०० मिलिसेकंदांच्या पट्ट्यात जे जे येतात त्या सगळ्यांमधून तो चिठ्ठी टाकल्यासारखा एक उचलतो. ज्याची माहितीच नाही त्याला तो ३७६ मिलिसेकंद धरून चालतो, म्हणजे अनोळखीही पट्ट्यातच. आता तुमचे चार घ्या. मुंबईतल्या रिझॉल्व्हरवरून मुंबईचे दोन्ही सर्व्हर काही मिलिसेकंदांवर, ऑफिसचा वीसेक, जर्मनीचा दीडशेच्या आसपास. अनबाउंड सरासरीत चढउताराचंही माप मिसळतो, तरीसुद्धा चौघंही पट्ट्याच्या आत आरामात बसतात. म्हणजे चौघांना सारखा वाटा. तुमच्या लॉगमध्ये जे दिसतंय ते अगदी नियमाप्रमाणंच आहे.

‘फास्ट-सर्व्हर-परमिल’ नावाची एक सेटिंग अनबाउंडमध्ये आहे. ती वाढवली तर हजारातले तेवढे प्रश्न तो पट्टा बाजूला ठेवून वेगवान सर्व्हरांनाच देतो. पण मुळात ती शून्यावर असते आणि ती सेवादाराच्या हातात आहे, तुमच्या नाही.

बाकीच्यांबद्दल फार लांबण लावत नाही. पॉवरडीएनएसचा रिकर्सर साधारण बाइंडच्या वळणाचा: वेगवानाला पसंती, जुन्या नोंदी झिजवणं, नव्याला आधी संधी. चेक प्रजासत्ताकातल्या सीझेड डॉट निकचा नॉट रिझॉल्व्हर बहुतेक वेळा चांगल्यालाच विचारतो आणि थोड्या प्रसंगी मुद्दाम फासा टाकून दुसऱ्याला. जुना डीएनएसकॅशे तर सरळ यादृच्छिक निवड करायचा, वेळ बिळ काही मोजायचा नाही. २०१२ साली अशा वेगवेगळ्या सॉफ्टवेअरची प्रयोगशाळेत तुलना झाली तेव्हा हीच विविधता दिसली. पुढं २०१७ मध्ये राइप अ‍ॅटलस या मापनजाळ्यावरून प्रत्यक्ष इंटरनेटवरचे रिझॉल्व्हर तपासले गेले. बहुतेक रिझॉल्व्हर वेळ कितीही असो, सगळ्या सर्व्हरना विचारतातच, आणि कल तेवढा जवळच्यांकडं झुकलेला असतो, असं त्यात निघालं. त्यातूनच आलेला सल्ला मार्च २०२२ च्या आरएफसी ९१९९ मध्ये आहे: मोठं डोमेन चालवत असाल तर सगळेच नेमसर्व्हर सारख्या ताकदीचे, एनीकास्टवर, म्हणजे एकच पत्ता अनेक ठिकाणच्या यंत्रांवर, ठेवा, एक जोरदार आणि एक मरतुकडा ठेवलात तर मरतुकड्याचा त्रास काही लोकांना होणारच.

आता एक गोष्ट, जी वाचून फारशी कळत नाही, पण रिझॉल्व्हर सांभाळताना रोज दिसते. वर सांगितलेली सगळी हुशारी तेव्हाच कामाला येते, जेव्हा रिझॉल्व्हर तुमच्या सर्व्हरांकडं वारंवार येतो. गावातल्या सेवादारांचे रिझॉल्व्हर मी बरीच वर्षं सांभाळले. मोठ्या डोमेनांच्या नोंदी तिथं कायम ताज्या असतात. फाउंड्रीच्या साइटचं तसं नाही. चेन्नईतल्या एखाद्या सेवादाराच्या रिझॉल्व्हरकडं तुमच्या डोमेनचा प्रश्न दिवसात दोनदा आला तरी खूप. अनबाउंडची ही स्मरणवही ९०० सेकंदांची, म्हणजे पंधरा मिनिटांची. दुसरा माणूस येईपर्यंत पान कोरं झालेलं असतं. चारही सर्व्हर पुन्हा अनोळखी, पुन्हा ३७६, पुन्हा चिठ्ठी. लहान डोमेनला जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक रिझॉल्व्हरच्या दृष्टीनं पहिलंच असतं, आणि पहिल्याच वेळी चारातला एक मेलेला निघण्याची शक्यता पाव.

यातला एक बारकावा. बाइंड ही नोंद पत्त्यावार ठेवतो. त्या पत्त्यावर कोणत्या डोमेनसाठी गेलो होतो हे तो वेगळं धरत नाही. त्यामुळं हजारो डोमेन सांभाळणाऱ्या होस्टिंगवाल्याचा पत्ता त्याच्या ओळखीचा असतो. तुमच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी डोमेनसाठी तो तिथं जाऊन आलेला असतो. अनबाउंड मात्र पत्ता आणि झोन अशी जोडी धरून लिहितो, म्हणून तिथं ही उधारीची ओळख चालत नाही. ऑफिसातल्या सर्व्हरवर तुमचं एकच डोमेन. त्याची ओळख दोघांनाही नाही, आणि बाइंडकडं अनोळखी असणं म्हणजे रांगेत पुढं असणं, हे वर सांगितलंच. म्हणजे चौथ्याला तुम्ही शेवटी लिहिलंत, आणि नेमका तोच काही ठिकाणी आधी विचारला जातोय.

लाइट गेल्यावर काय होतं ते आता मोजता येईल. लाइन मेली म्हणजे नकारसुद्धा येत नाही, नुसती शांतता. नकार आला असता तर रिझॉल्व्हर लगेच पुढं गेला असता. शांततेत त्याला घड्याळ लावून बसावं लागतं. अनोळखी सर्व्हरसाठी अनबाउंड ३७६ मिलिसेकंद थांबतो, मग त्याचा आकडा दुप्पट करून दुसऱ्याकडं जातो. तोवर दुसऱ्या एखाद्यानं चटकन उत्तर दिलं असेल तर ७५२ वर गेलेला हा पट्ट्याबाहेर पडतो. बाइंडच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये ही पहिली वाट ८०० मिलिसेकंदांची होती. एका नावासाठी एवढंच नुकसान: अर्धा सेकंद, पाऊण सेकंद. यानं कुणी फोन करत नाही. पण एक पान उघडायला एकच नाव लागतं असं थोडंच आहे? डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वेगळं, चित्रांसाठी दुसरं उपडोमेन, कॅटलॉगसाठी तिसरं. प्रत्येकाचा आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्ता वेगळा विचारला जातो. त्यात गिऱ्हाइकाचा राउटर स्वतः रिझॉल्व्हर नसून नुसता पुढं ढकलणारा असेल आणि त्याचा धीर आधी सुटला, तर तो तोच प्रश्न पुन्हा पाठवतो किंवा हात वर करतो. मग ब्राउझर आपल्या पद्धतीनं परत विचारतो. असं साचत साचत काही सेकंद होतात. त्यात टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा, ३०० ठेवला असेल, बऱ्याच पॅनेलवर तो तसाच पडलेला असतो, तर पाच मिनिटांनी हाच तमाशा पुन्हा. वेबसाइटचा पत्ता वर्षातून एकदा बदलणाऱ्यानं टीटीएल किमान एक तासाचा ठेवावा. माझ्या मते दिवसभराचाही चालेल.

शांततेपेक्षा वाईट गोष्ट म्हणजे चुकीचं उत्तर. रिझॉल्व्हर चार जणांना विचारून बहुमत घेत नाही. ज्यानं आधी अधिकृत उत्तर दिलं त्याचं खरं. ‘असं नावच नाही’ हेही पूर्ण उत्तरच असतं. ते मिळाल्यावर तो दुसऱ्याकडं खात्री करायला जात नाही, उलट ते उत्तरही कॅशेत जपून ठेवतो. सर्व्हर बिघडल्याचा निरोप, किंवा ‘हे डोमेन माझ्याकडं नाही’ असा नकार आला, तरच पुढच्याला विचारलं जातं. म्हणून जर्मनीतल्या व्हीपीएसवर झोन उतरवणं महिनाभर बंद पडलं असेल आणि तिथं जुनी प्रत असेल, तर काही गिऱ्हाइकं नव्या साइटवर आणि काही जुन्या साइटवर जातील, आणि तुम्हाला कोल्हापुरात बसून सगळं ठीकच दिसेल. ‘माझ्याकडं चालतंय, त्याच्याकडं चालत नाही’ अशी तक्रार आली की मी सगळ्यांत आधी चारही सर्व्हरवरच्या झोनचे सीरियल क्रमांक, म्हणजे प्रत किती नवी ते सांगणारे आकडे, बघतो. डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या डिग कमांडला एनएससर्च पर्याय देऊन डोमेनचं नाव दिलं की सगळ्या नेमसर्व्हरांचे एसओए, म्हणजे हा क्रमांक असलेल्या नोंदी, एका खाली एक येतात. आकडे जुळत नसतील तर बाकीची तपासणी नंतर.

आणखी एक गैरसमज तुमच्या प्रश्नातून डोकावतो: ऑफिसचा सर्व्हर कोल्हापुरात असल्यानं निदान कोल्हापूरच्या गिऱ्हाइकांना तरी तो जवळचा पडेल. अंतर मोजलं जातं रिझॉल्व्हरपासून, माणसापासून नव्हे. राजारामपुरीतल्या माणसाचा सेवादार जर गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर वापरत असेल किंवा स्वतःचा रिझॉल्व्हर मुंबईत ठेवत असेल, तर प्रश्न आधी घाट उतरून जातो, तिथून शिरोलीला परत येतो, उत्तर पुन्हा त्या रिझॉल्व्हरकडं जातं आणि मग राजारामपुरीत येतं. मुंबईच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर त्याला जास्त जवळचा.

ही यादृच्छिक निवड म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आळस वाटेल, पण तिच्यामागं सुरक्षेचंही कारण आहे. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिलं की रिझॉल्व्हरच्या कॅशेत खोटं उत्तर घुसवणं लोक समजत होते त्यापेक्षा किती तरी सोपं आहे. प्रश्नाचा ओळख क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. आजच्या वेगाला ते काहीच नाही. म्हणून प्रश्न पाठवणारा पोर्टही यादृच्छिक केला गेला, आणि जानेवारी २००९ च्या आरएफसी ५४५२ नं हे सगळं नीट मांडलं. खोटं उत्तर पटायचं असेल तर ते ज्या सर्व्हरला विचारलंय त्याच्याच पत्त्यावरून आल्यासारखं दिसावं लागतं. चारातला कोणता निवडला हे हल्लेखोराला माहीत नसेल तर त्याचं काम आणखी चौपट. कायम वेगवानालाच विचारणारा रिझॉल्व्हर ही भिंत स्वतःच पाडतो. २०१३ मध्ये काही संशोधकांनी बाइंडच्या वेळ-सरासरीशी खेळून त्याला हव्या त्या सर्व्हरकडं वळवता येतं हेही दाखवलं होतं. त्यामुळं अनबाउंडची रुंद पट्ट्याची पद्धत मला तरी जास्त पटते, भले तुमच्या चौथ्या सर्व्हरला ती नको तेवढा पाहुणचार करायला लावते.

आता उपाय. झोनची मूळ प्रत ऑफिसात ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण लपवून. रूढ पद्धत आहे ही, हिला लपलेला प्रायमरी म्हणतात. ऑफिसचा सर्व्हर एनएस यादीत नसतो, जगाला त्याचा पत्ता माहीत नसतो. झोन बदलला की तो सेकंडरींना निरोप पाठवतो, ते येऊन नवी प्रत उचलतात, आणि जगाला उत्तरं फक्त तेच देतात. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ त्या सेकंडरींच्या पत्त्यांपुरता उघडा ठेवा, टीसीपीसकट, कारण झोन उतरवणं टीसीपीवरून होतं. देवाणघेवाणीला टीसिग किल्ली, म्हणजे दोन्ही सर्व्हरांनाच माहीत असलेली गुप्त किल्ली, लावा. लाइन चार दिवस गेली तरी बाहेर कुणाला कळणार नाही. फक्त एसओएमधला एक्स्पायर हा आकडा बघून घ्या. तेवढा काळ मूळ सर्व्हर दिसलाच नाही तर सेकंडरी झोन टाकून देतात आणि बिघाडाची उत्तरं द्यायला लागतात. १९९६ च्या आरएफसी १९१२ नं दोन ते चार आठवडे सुचवलेत, तो सल्ला आजही चांगला आहे.

अडचण एकच येऊ शकते. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवाले दुसऱ्याच्या सर्व्हरवरून झोन उचलायला तयार नसतात. तुमचे होस्टिंगवाले सध्या उचलताहेत म्हणजे तुमचं नशीब बरं. पण खरं सांगू का, एका फाउंड्रीच्या वीस-पंचवीस रेकॉर्डसाठी ऑफिसात डीएनएस सर्व्हर चालवायची गरज मला दिसत नाही. तिथं यूपीएस, पॅच, बॅकअप हे सगळं बघणारा माणूस एकच, आणि तो तुम्ही. झोन होस्टिंगवाल्याच्या पॅनेलवर हलवला तरी काही बिघडणार नाही.

मग उरले तीन. पुरतात का? १९९७ च्या आरएफसी २१८२ नं साध्या संस्थेच्या झोनला तीन सर्व्हर पुरेसे मानलेत, आणि त्यातला निदान एक बाकीच्यांपासून चांगला लांब हवा. तुमचा जर्मनीचा सर्व्हर ती अट पुरी करतो. तो दीडशे मिलिसेकंदांवर आहे म्हणून त्याला काढू नका. दीडशे मिलिसेकंद आणि तेही कॅशेत नसतानाच, हे काही दुखणं नाही. उलट मुंबईतले दोन्ही सर्व्हर एकाच कंपनीचे, कदाचित एकाच रॅकमधले, एकाच राउटरमागचे असू शकतात. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सगळे नेमसर्व्हर एकाच जाळ्यात होते, आणि राउटरच्या कॉन्फिगरेशनमधल्या एका बदलामुळं सगळ्या साइट नावानिशी गायब झाल्या. २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस कंपनीवर मिराय बॉटनेटचा हल्ला झाला तेव्हा फक्त तिच्यावर विसंबून असलेली डोमेनं अडकली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे चारही नेमसर्व्हर एकदम दिसेनासे झाले, कारण चौघांपर्यंत जाणारे रस्ते एकाच जाळ्यानं एकाच वेळी मागं घेतले. रिझॉल्व्हरनं कितीही हुशारीनं निवडलं तरी निवडायला वेगळं काहीतरी असावं लागतं. माझा सल्ला: मुंबईतला एक, दुसऱ्या कंपनीचा भारतातलाच एक आणि जर्मनीचा एक. संख्या उगाच वाढवू नका. वेगवेगळ्या डोमेनांखालची दहा नावं यादीत टाकली तर रिझॉल्व्हरला आधी त्या नावांचे पत्ते शोधावे लागतात, आणि याच शोधाचा गैरफायदा घेणारी एनएक्सएनएस ही हल्ल्याची पद्धत २०२० मध्ये उघड झाल्यावर बहुतेक सॉफ्टवेअरनी अशा शोधावर मर्यादा घातली आहे. ज्याचा पत्ता हाताशी आहे त्यालाच आधी विचारलं जातं.

जाता जाता आयपीव्ही६ बद्दल. व्हीपीएस भाड्यानं घेतला की त्याच्याबरोबर आयपीव्ही६ पत्ता फुकट मिळतो आणि लोक तो नेमसर्व्हरच्या नावाला चिकटवून टाकतात, फायरवॉलमध्ये मात्र फक्त आयपीव्ही४ उघडलेलं असतं. रिझॉल्व्हरच्या हिशेबी तो वेगळा पत्ता, आणि तोही मेलेला. त्यात बाइंड आयपीव्ही६ पत्त्यांना मुळातच ५० मिलिसेकंदांची सूट देतो, म्हणजे ते रांगेत आणखी पुढं. जर्मनीच्या सर्व्हरचं हे एकदा तपासा. कदाचित ऑफिसची लाइन चालू असतानाही काही तक्रारी येत असतील तर कारण तिथं सापडेल.

चौथ्याला काढताना दोन ठिकाणांहून काढा: डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलवरून, म्हणजे डॉट कॉमच्या वरच्या यादीतून, आणि तुमच्या स्वतःच्या झोनमधल्या एनएस रेकॉर्डांतून. एकाच ठिकाणी काढलंत तर काही रिझॉल्व्हर वरची यादी धरून चालतील, काही खालची. ऑफिसच्या सर्व्हरचं नाव तुमच्याच डोमेनखाली असेल तर पॅनेलमध्ये त्याचा पत्ता होस्ट रेकॉर्ड म्हणून वेगळा नोंदलेला असतो. तोही पुसा, उद्या लाइन बदलली, स्थिर आयपी दुसऱ्याकडं गेला, आणि ती नोंद तशीच राहिली तर तुमच्या नावाचा पत्ता परक्याच्या हातात. डॉट कॉमच्या यादीचा टीटीएल १,७२,८०० सेकंदांचा, म्हणजे दोन दिवसांचा. तेवढे दिवस ऑफिसचा सर्व्हर बाहेरच्यांनाही उत्तर देत राहू द्या, फायरवॉल आधी आवळू नका.

नंतर लॉग बघा. प्रश्न दोन-तीन दिवसांत झपाट्यानं कमी होतील, पण शून्य होणार नाहीत. पोर्ट ५३ दिसला की ठोठावून बघणारे स्कॅनर जगभर फिरत असतात, त्यांचे प्रश्न तुमच्या डोमेनचे नसतातच. तुमच्या नावाचे प्रश्न थांबले की फायरवॉल सेकंडरींपुरती बंद करा. मग दुपारच्या वेळी, गिऱ्हाइकांचे फोन चालू असताना, ऑफिसचा सर्व्हर मुद्दाम तासभर बंद ठेवा आणि एखाद्या बाहेरच्या लाइनवरून, मोबाइल डेटावरून म्हणा, डिगनं ट्रेस काढत नावं शोधून बघा. ट्रेस कॅशेला हात न लावता वरपासून खालपर्यंत जातो, त्यामुळं यादीत काही जुनं शिल्लक असेल तर तिथं दिसेल.